कुत्रा गाडीला बांधावा, घराला नव्हे

मंडळी, आज ज्या वाहनाबद्दल, म्हणजे मोटरहोमबद्दल, बोलायचे आहे त्याचा पुढचा भाग मोटारीच्या कारखान्यात तयार होतो आणि मागचा भाग, स्पष्टच सांगायचे तर, सुताराच्या हातून. फियाट डुकाटोसारख्या मालवाहू गाडीची चासी (खालचा सांगाडा) आणि केबिन एका कंपनीकडून येते आणि तिच्यावर दुसरी कंपनी भिंती, पलंग, शेगडी, कपाटे आणि न्हाणीघर चढवते. केबिन टक्कर सोसण्यासाठी आखलेली असते, तर कपाटे हलकी राहावीत म्हणून आखलेली असतात. १ जानेवारी १९९७ पासून पुढे ज्यांनी इथली, म्हणजे ब्रिटनमधली, मोटारीची परीक्षा दिली, त्यांना नेहमीच्या परवान्यावर साधारणपणे ३,५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते. त्या मर्यादेत पाण्याची टाकी, गॅसची टाकी, चार माणसे आणि त्यांचे सामान बसवायचे म्हटल्यावर काटकसर होते ती लाकडाच्या जाडीतच. आपल्यापैकी अनेकांनी मोटरहोम घेतले ते कुत्रा बरोबर नेता यावा म्हणूनच. त्यामुळे हा सगळा विषय मला एकाच प्रश्नात मांडावासा वाटतो: प्रवासात कुत्रा बांधायचा तो गाडीला, की गाडीवर बसवलेल्या घराला?

मी स्वतः तो घराला बांधला होता. आमचा मोती पंचवीस किलोचा, लॅब्राडोरच्या वळणाचा. गाडी ताब्यात घेताना विक्रेत्याला मी विचारले, तर तो म्हणाला, "टेबलाच्या पायाला बांधा, सगळे तसेच करतात." टेबलाचा तो पाय म्हणजे जमिनीतल्या एका खोबणीत दाबून बसवलेली अॅल्युमिनियमची नळी, रात्री टेबलाचा पलंग करायचा असला की ती हाताने उपसून काढता येते, आणि ही गोष्ट मला रोज रात्री दिसत असूनही सुचली नाही. ऑक्टोबरात वेल्समधल्या एका अरुंद रस्त्यावर वळणापलीकडे मेंढी उभी होती. मी जोरात ब्रेक दाबला. टक्कर कशाशीही झाली नाही, मेंढी सावकाश उतरून गेली. पण माझ्या डाव्या कोपराशी आधी मोती आला आणि त्याच्या मागोमाग, त्याच्याच दोरीला बांधलेली, ती नळी आली. मोती दोन दिवस लंगडला. नळीचा घाव गिअरच्या दांड्याशेजारच्या प्लास्टिकवर अजून दिसतो. तो केवळ ब्रेकचा झटका होता, हे लक्षात ठेवून आता पुढचा हिशेब पाहू.

गाडी ताशी ५० किलोमीटरने जाते, म्हणजे तिच्यातला कुत्राही त्याच वेगाने जात असतो. गाडी एखाद्या झाडावर आदळून थांबली, तरी कुत्र्याला थांबवणारे काही नसेल तर तो त्याच वेगाने पुढे जात राहतो. या वेगाने आदळणे म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून म्हणा, खाली पडणे. वेग दुप्पट झाला की ही उंची चौपट होते. आता तो अडवला गेला असे धरू. पट्टा ताणला जाऊन आणि गाडीचा पुढचा भाग चेपून त्याला थांबायला अर्धा मीटर मिळाला, तर त्याच्या छातीवर आणि ज्या कडीला तो बांधला आहे त्या कडीवर सरासरी त्याच्या वजनाच्या वीसपट, म्हणजे मोतीच्या बाबतीत जवळजवळ पाचशे किलोचा भार येतो. तेच थांबणे दहा सेंटिमीटरांत झाले, तर भार अडीच टनांच्या घरात जातो. हा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचाच आहे. तो एकदा कागदावर मांडल्यावर टेबलाची नळी, कपाटाची मूठ, पलंगाची फळी यांचा विचार मनातून आपोआप निघून जातो.

आपल्या गावाकडे गुरे बांधणाऱ्या माणसाला या विषयातले निम्मे मर्म ठाऊक असते. दावे किती लांब ठेवायचे, ते कशाला बांधायचे आणि गळ्यात किती सैल सोडायचे, याचा अंदाज त्याच्या हातालाच असतो. आपण शहरात वाढलो, आणि कुत्र्याला "थोडे मोकळे वाटू दे" म्हणून दीड मीटरची दोरी सोडतो. गाडी थांबत असताना त्या दीड मीटरभर कुत्रा मोकळाच पुढे झेपावतो आणि दोरी संपते त्या क्षणी सगळा वेग एका हिसक्यात मोडला जातो. म्हणजे लांब दोरीने त्याला अडीच टनांच्या बाजूला ढकललेले असते. दोरी इतकीच असावी की कुत्र्याला उठून उभे राहता यावे, कूस बदलता यावी आणि पुन्हा आडवे होता यावे. आणि ती गळ्यातल्या पट्ट्याला मुळीच लावू नये. गळ्यातला पट्टा फिरायला नेण्यासाठी आहे. टक्करीत तोच मानेचा फास होतो.

कायद्याबद्दल थोडक्यात सांगतो. ब्रिटनच्या हायवे कोडचा ५७वा नियम म्हणतो की वाहनातला कुत्रा अशा रीतीने बांधलेला असावा की चालकाचे लक्ष विचलित होऊ नये आणि अचानक थांबावे लागल्यास कुत्र्यामुळे चालकाला किंवा त्या कुत्र्याला स्वतःला इजा होऊ नये. हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्ट्यांचा साज), पेटी, पिंजरा आणि जाळी हे चार मार्ग त्यात सुचवलेले आहेत. नुसता हा नियम मोडला म्हणून दंड होत नाही. परंतु मोकळ्या कुत्र्यामुळे गाडी भरकटली, तर निष्काळजी वाहनचालनाच्या आरोपात त्याचा पुरावा म्हणून उपयोग होतो. समुद्रापलीकडे जाणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जर्मनीत वाहतूक नियमांच्या दृष्टीने कुत्रा हा गाडीतला माल असतो आणि माल जसा घट्ट बसवावा लागतो तसा तोही बसवावा लागतो. इटलीत एकापेक्षा जास्त प्राणी असतील, तर ते पिंजऱ्यात किंवा चालकापासून वेगळ्या केलेल्या भागात असावे लागतात. जर्मनांनी कुत्र्याला माल म्हणावे याचा आमच्या घरात मुलांना फार राग आला होता. मला मात्र त्यात शहाणपण दिसते, कारण मालाच्या बाबतीत "तो शांत पडून राहतो हो" असे कोणी म्हणत नाही.

तर मग मोटरहोममध्ये गाडी कुठे संपते आणि घर कुठे सुरू होते, हे ओळखायचे कसे? जिथे माणसासाठी सीटबेल्ट आहे तिथपर्यंत गाडी आहे असे धरावे. मागच्या बाकाखालची उशी आणि फळी उचलून पाहिली, तर पट्टे असलेल्या बाकाच्या आत पोलादी चौकट दिसते आणि ती जमिनीतून थेट चासीला बोल्टने जखडलेली असते. शेजारचा, आडव्या तोंडाचा बाक तसाच गुबगुबीत दिसतो, पण त्याची फळी उचलली की आत पातळ प्लायवूड, तारेच्या पिना आणि बहुतेक वेळा पाण्याची टाकी निघते. कुत्रा पहिल्या बाकावर, त्याच्या सीटबेल्टला बांधावा; दुसऱ्या बाकावर कितीही ऐसपैस जागा असली तरी नाही. पुढच्या, चालकाशेजारच्या आसनावर तर नकोच, कारण तिथली एअरबॅग माणसाच्या छातीसाठी आखलेली असते आणि ती फुटते तेव्हा कुत्र्याचे डोके नेमके तिच्या वाटेत येते.

आता हार्नेसविषयी. दुकानात "क्रॅश टेस्टेड" अशी चिठ्ठी लावलेले अनेक हार्नेस मिळतात, पण ती चिठ्ठी लावण्यापूर्वी मुलांच्या आसनांसारखी एखादी सक्तीची सरकारी परीक्षा द्यावी लागते, असे नाही. अमेरिकेतील सेंटर फॉर पेट सेफ्टी या संस्थेने २०१३ साली बाजारातले हार्नेस घेऊन, कुत्र्याच्या आकाराचे आणि वजनाचे पुतळे त्यात बांधून, मुलांच्या आसनांसाठीच्या पद्धतीने टक्करीची चाचणी घेतली, तेव्हा बहुतेक हार्नेस टिकले नाहीत. कुठे शिवण उसवली, कुठे पुतळा आसनावरून उडाला. म्हणून निवडताना रंगाकडे न बघता पट्ट्याकडे बघावे. छातीवरचा पट्टा रुंद आणि अस्तराचा असावा, ताण पडतो तिथे प्लास्टिकची बकले नसावीत, आणि गाडीचा सीटबेल्ट हार्नेसच्या पाठीवरील पट्टीतून थेट ओवता यावा, म्हणजे मध्ये वेगळी दोरी लागत नाही. बसवल्यावर पट्टा आणि अंग यांच्यामध्ये दोन बोटे सपाट शिरावीत, त्याहून अधिक नाही.

एक लहानशी गोष्ट अनुभवाने कळते. कुत्रा आसनावर गोल फिरून बसतो आणि फिरताना त्याचा पुढचा पाय सीटबेल्टच्या लाल बटणावर पडतो. मोतीने तासाभरात तीनदा स्वतःची सुटका करून घेतली, आणि तिसऱ्यांदा तर, मला अजूनही शंका आहे, मुद्दाम. त्यावर बटण झाकणारी टोपी मिळते. ती लावावी, पण कुलुपासारखे काही लावू नये, कारण अपघातानंतर बाहेरच्या माणसाला तो पट्टा चटकन सोडवता आला पाहिजे.

पंधरा-वीस किलोच्या वरच्या कुत्र्याला माझ्या मते पिंजराच योग्य. परंतु मोटरहोममध्ये पिंजरा ठेवणे म्हणजे तो बसवणे नव्हे. घडीचा कापडी पिंजरा तळावर गेल्यावर सावलीत ठेवायला छान, प्रवासात मात्र तो कापडच असतो. मजबूत पिंजरा घेऊन तो जमिनीवर, सीटबेल्टच्या बाकाच्या पोलादी चौकटीला पुढून टेकवून ठेवावा आणि मालाच्या पट्ट्यांनी जमिनीतल्या कड्यांना आवळावा. या कड्या हाच कळीचा भाग आहे. मोटरहोमची जमीन म्हणजे दोन पातळ फळ्यांच्या मध्ये फोम भरलेले सँडविच असते. नुसता स्क्रू पिळून बसवलेली कडी त्यातून दातासारखी उपटून येते. बोल्ट आरपार जाऊन खाली पोलादी पट्टीवर किंवा चासीच्या आडव्या तुळईवर आवळलेला हवा, आणि जमिनीखाली डिझेलची नळी, वायरी आणि सांडपाण्याची टाकी असते, म्हणून हे काम घरच्या ड्रिलने करू नये. आम्ही ते गाड्या बांधणाऱ्या एका माणसाकडून करून घेतले. पिंजऱ्याचे वजनही त्या ३,५०० किलोंत मोजावे लागते. आम्ही गाडी वजनकाट्यावर नेली आणि मग दोन खुर्च्या, बिडाचा तवा आणि पाण्याच्या टाकीतले अर्धे पाणी यांना निरोप दिला.

मागे सायकली ठेवण्याची जी मोठी पेटी असते, जिला इथे गॅरेज म्हणतात, तिथे कुत्रा ठेवलेला मी पाहिला आहे. तिथे हवा खेळत नाही, उन्हाळ्यात ती तापते, आणि मागून कोणी धडकले तर सगळ्यात आधी चेपते तीच जागा. चालकाच्या डोक्यावरचा पलंगही तसाच बाद. तिथून कुत्रा पडतो तो थेट काचेवर.

कुत्रा पिंजऱ्यात बसत नाही अशी तक्रार नेहमी ऐकू येते. पुष्कळदा त्याला पिंजऱ्याचे काहीच वाटत नसते. तो आवाजाला भितो. गाडी खड्ड्यातून गेली की ताटल्या, शेगडीची जाळी, डब्यांची झाकणे असे सगळे एकदम खणखणते आणि कुत्र्याच्या कानाला तो कल्लोळ आपल्यापेक्षा फार मोठा वाटतो. आम्ही प्रत्येक दोन ताटल्यांमध्ये एकेक पंचा घातला आणि मोतीचे धापा टाकणे निम्म्यावर आले. पिंजरा आधी पंधरा दिवस घरात ठेवून त्यात जेवण द्यावे, मग उभ्या गाडीत, मग इंजिन चालू ठेवून, मग गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत, असे टप्प्याटप्प्याने जावे. निघण्यापूर्वी दोन-तीन तास पोट रिकामे ठेवले की वळणाच्या रस्त्यावर ओकारीही टळते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून सुट्टीत तिकडे अशी गाडी भाड्याने घेण्याबद्दलही लोक विचारतात. भाड्याच्या गाडीत कड्या नसतात, तेव्हा सीटबेल्टचा बाक आणि आपला हार्नेस एवढ्यावरच भागवावे लागते, आणि आंबा घाटासारख्या रस्त्यावर समोरच्या झटक्याइतकाच आडवा झोकही सांभाळावा लागतो.

शेवटी दाराकडे येतो. कुत्रा हरवतो तो बहुतेक वेळा गाडी थांबल्यावर. युरोपात बांधलेल्या मोटरहोमचे राहत्या भागाचे दार उजव्या बाजूला असते, कारण तिकडे फुटपाथ उजवीकडे येतो. तीच गाडी इथे रस्त्याकडेला उभी केली की दार थेट रहदारीत उघडते. आमची गाडी तशीच आहे. म्हणून आधी फिरायची दोरी गळ्यातल्या पट्ट्याला लावायची, तिचे टोक मनगटात घ्यायचे, मग पिंजरा उघडायचा आणि सगळ्यांत शेवटी दार, असा क्रम आम्ही ठरवला आहे. दोरी हातात असल्याचे कोणीतरी मोठ्याने म्हटल्याशिवाय दाराच्या कडीला हात लावायचा नाही, आणि हा नियम मोडल्याबद्दल गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंनाही माझ्या आठ वर्षांच्या मुलीकडून ऐकून घ्यावे लागले.