पुन्हा एकदा, त्याच ओळीपासून

[दृश्य: सभागृहाचं दार. दाराशी टेबल, टेबलावर ट्यूनर, म्हणजे सूर तपासायचं यंत्र. समोर वाद्यांच्या पेट्या घेतलेल्या मुलांची रांग.]

निवेदन:
सकाळची वेळ. गजाने वाजवायची तारवाद्यं शिकणाऱ्या मुलांचं एक दिवसाचं शिबिर. पहिला वर्ग सुरू व्हायला अजून अर्धा तास आहे, आणि दाराशी बसलेल्या या माणसाला मान वर करायला फुरसत नाही. त्याच्याकडे एकच काम आहे. समोर येईल ते वाद्य सुरात लावायचं आणि पुढचं हातात घ्यायचं. लहान मुलांना खुंट्या पिळवत नाहीत. काहींच्या तारा कालच बदलल्यात. नवी तार ताणली जात राहते, त्यामुळे आता लावलेला सूर पाच मिनिटांत पुन्हा उतरणार, हे त्यालाही ठाऊक आहे.

सूर लावायचा तो ‘ए’ या स्वराला. सेकंदाला ४४० कंपनं. व्हायोलिनच्या चार तारा जी, डी, ए, ई. व्हायोलिनहून मोठ्या व्हिओला आणि चेलो या दोघांच्या तारांची नावं सारखीच, सी, जी, डी, ए; फक्त चेलो एक सप्तक खाली. सगळ्यांत मोठ्या डबल बेसचं मात्र वेगळं. बाकी तिघांत दोन तारांमध्ये पाच स्वरांचं अंतर, तर बेसमध्ये चारांचं. एवढ्या लांब मानेवर बोटं तेवढीच पुरतात, म्हणून.

[दृश्य: एकाच रांगेत तीन व्हायोलिनं, लहान-मोठ्या मापांची.]

मापांचा हिशोबही जरा फसवा आहे. पूर्ण मापाच्या व्हायोलिनचं अंग साधारण ३६ सेंटिमीटर लांब असतं, आणि ज्याला अर्धं म्हणतात त्याचं सुमारे ३१. डबल बेसमध्ये तर ‘पाऊण’ माप हेच मोठ्या माणसांचं रोजचं माप. त्यामुळे पाऊण बेस घेऊन आलेला तो मुलगा स्वतःच्या वाद्यापेक्षा बुटका दिसतोय, यात नवल नाही.

[दृश्य: पहिला वर्ग. मुलं गोलात उभी. हातात वाद्य नाही, फक्त गज, म्हणजे तारांवर फिरवायची केस ताणलेली काठी.]

निवेदन:
पहिल्या तासाला वाद्यं पेटीतच राहतात. बऱ्याच मुलांची निराशा होते. एवढं लांबून आलो ते काय गज धरून हवेत फिरवायला?

पण तारवाद्य वाजवणाऱ्याचा आवाज घडतो उजव्या हातात. डाव्या हाताची बोटं स्वर ठरवतात. तो स्वर कुजबुजेल, बोलेल की ओरडेल, हे गज ठरवतो. व्हायोलिनच्या गजाचं वजन असतं फक्त ६० ग्रॅमच्या आसपास. त्यावर घोड्याच्या शेपटीचे दीडशे-दोनशे केस. नुसते केस तारेवर ओढले तर ते घसरून जातात, आवाज जवळपास येतच नाही. त्यांना पकड येते ती राळेमुळे.

[दृश्य: संथ गतीतलं चित्रण. गज तारेवरून जातोय, राळेची भुकटी उडतेय.]

राळ लावलेला केस तारेला चिकटतो आणि तिला आपल्याबरोबर ओढत नेतो. ताण वाढला की तार सुटते, मागे येते, आणि केस तिला पुन्हा पकडतो. ‘ए’ वाजत असताना हे धरणं-सोडणं सेकंदाला ४४० वेळा चालतं. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात तारेची ही हालचाल दाखवून दिली. डोळ्यांना तार फुगल्यासारखी, गोलसर दिसते. प्रत्यक्षात तिच्यावर एक टोकदार कोपरा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत असतो.

पकड सैल पडली की आवाज शिट्टीसारखा होतो, जास्त झाली की कर्कश. मधली जागा सापडायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: हाताचं वजन, गजाचा वेग, आणि तारांना उचलून धरणाऱ्या घोडीपासून गज किती दूर आहे ते. घोडीजवळ गेलात तर वेग कमी करा, वजन वाढवा. फिंगरबोर्डकडे, म्हणजे बोटं दाबायच्या पट्टीकडे, सरकलात तर उलट. ऐकायला सोपं आहे. वर्गातला सगळ्यात धीट मुलगा ते करून दाखवायला पुढे येतो, आणि त्याचा गज पहिल्याच फेरीत घोडीवर चढतो. सगळे हसतात. शिक्षिका हसत नाही. ती म्हणते, “छान. आता कळलं ना घोडी कुठे आहे? तिथूनच मागे ये.”

[दृश्य: बाजूची खोली. वाद्यांचा कारागीर, हातात छोटा आरसा.]

निवेदन:
बाजूच्या खोलीत वाद्यं दुरुस्त करणारा कारागीर बसलाय. खरं तर दिवसातली सगळ्यात उपयोगी खोली ही असावी, पण इथे टाळ्या वाजत नाहीत, म्हणून कोणी फिरकत नाही.

व्हायोलिनची घोडी चिकटवलेली नसते. ती तारांच्या दाबाने उभी राहते, बस्स. सूर लावताना तारा दरवेळी तिला थोडी पुढे खेचतात. कोणी ती मागे सारली नाही तर महिन्याभरात ती वाकते आणि एक दिवस आडवी होते. आतल्या बाजूला, घोडीच्या उजव्या पायाच्या मागे, एक लाकडी काडी उभी असते. तीही चिकटवलेली नसते. वरच्या फळीची कंपनं मागच्या फळीला पोचवणारी ही काडी दोन-तीन मिलिमीटर सरकली तरी वाद्याचा आवाज बदलतो. आज सकाळपासून कारागिराकडे आलेल्या मुलांपैकी निम्म्यांना वाटत होतं, आपला हात वाईट आहे. घोडी वाकडी होती.

[दृश्य: चौघे मुलगे-मुली अर्धवर्तुळात. दोन व्हायोलिनं, व्हिओला, चेलो.]

निवेदन:
दुपारआधीचा वर्ग चौघांचा. ऑस्ट्रियन संगीतकार हायडनने या मांडणीसाठी ६८ रचना केल्या, आणि चार जणांनी एकमेकांशी कसं बोलावं हे आजही मुलं त्यांतूनच शिकतात. या चौघांनी तुकडा पाठ केलाय. चुकत कोणीच नाही, तरी काहीतरी लटकं आहे. प्रत्येक जण आपापल्या कागदाशी बोलतोय.

शिक्षक पहिल्या व्हायोलिनला थांबवतात. आता फक्त दुसरं व्हायोलिन आणि व्हिओला. ज्यांच्याकडे सूर नाही, नुसतेच अर्ध्या मात्रेचे एकसारखे स्वर आहेत, ते दोघं. मुलं ओशाळतात. एवढ्याशा कामाकडे कोणी लक्ष देतं का? दोन ओळी झाल्यावर खोलीतल्या सगळ्यांना ऐकू येतं की व्हिओला प्रत्येक बारच्या (मात्रांच्या गटाच्या) शेवटी घाई करतोय. इतका वेळ पहिलं व्हायोलिन त्या घाईमागे धावत होतं, आणि ओरडा ते वाजवणाऱ्या मुलीलाच बसत होता.

मग शिक्षक चौघांना पाठीला पाठ लावून बसवतात. डोळ्यांची मदत संपली. आता सुरुवात कशी करायची? पहिलं व्हायोलिन श्वास घेतं, जरा मोठ्याने, आणि चौघांचे गज एकत्र पडतात. श्वास ज्या गतीत घेतला, त्याच गतीत तुकडा सुरू होतो. हे कोणी समजावून सांगितलं नव्हतं.

[दृश्य: मोठं सभागृह. सगळी मुलं वाद्यवृंदाच्या रचनेत बसलेली.]

निवेदन:
वाद्यवृंदात हेच सूत्र उलटं फिरतं. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पहिल्या रांगेपासून दहा मीटर मागे बसलेल्याला तो सेकंदाच्या तीन शतांश उशिरा ऐकू येतो. त्याने ऐकून वाजवलं, तर त्याचा स्वर पुढे पोचेपर्यंत आणखी तेवढाच उशीर. जलद तुकड्यात एवढ्यात सगळं विस्कटतं. म्हणून मागच्यांनी कानावर विसंबायचं नाही. डोळा पुढच्याच्या गजावर. गज सगळ्यांचे एकाच दिशेने का जातात, असं प्रेक्षकांना वाटतं ना? शोभेसाठी नव्हे. दिशा बदलली की स्वराचं वजन बदलतं.

[दृश्य: व्यासपीठ. एक खुर्ची, एक स्टँड. समोर भरलेलं सभागृह.]

निवेदन:
आणि आता तो प्रकार, ज्याची मुलांना सगळ्यात जास्त भीती वाटते. मास्टरक्लास. ही पद्धत रुळवण्याचं श्रेय पियानोवादक फ्रान्झ लिस्टला दिलं जातं. १८६९ पासून तो दर वर्षी जर्मनीतल्या वायमारला येऊन राहत असे आणि शिष्यांना एकत्र बसवून शिकवत असे. फी घेत नसे. एकाने वाजवायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.

इथेच या प्रकारातला धोकाही आहे. समोर श्रोते असले की शिकवणाऱ्यालाही कार्यक्रम करायचा मोह होतो. दोन विनोद, एक आठवण, स्वतः वाजवून दाखवलेली एक झळाळती ओळ, टाळ्या. मूल बाजूला उभंच. असे वर्ग बघायला मजा येते, आणि मुलाच्या हाती काही लागत नाही. आजचे शिक्षक पहिली गोष्ट करतात ती ही, की खुर्ची वळवून श्रोत्यांकडे पाठ करून बसतात.

[दृश्य: बारा-तेरा वर्षांची मुलगी. व्हायोलिन.]

ती इटालियन संगीतकार विवाल्डीची ए मायनरमधली कॉन्चेर्तो, म्हणजे एकल वाद्य आणि वाद्यवृंदासाठीची रचना, वाजवते. १७११ साली छापलेल्या संग्रहातली ही रचना व्हायोलिन शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला येते. गज थरथरतोय. भीतीने असं होतं, आणि ते सगळ्यात जास्त दिसतं लांब स्वरांत, गजाच्या मध्यावर, जिथे काठी सगळ्यात लवचीक असते. शिक्षक त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. पूर्ण ऐकून घेतात.

मग एकच जागा निवडतात. डावा हात व्हायोलिनच्या मानेवर वर, तिसऱ्या पोझिशनमध्ये सरकतो ती. दरवेळी स्वर थोडा खाली पडतोय.

“अंगठा बघ तुझा.”

अंगठ्याने मान करकचून धरलीय. हात जाऊ पाहतो, अंगठा जाऊ देत नाही.

“आता ही ओळ गाऊन दाखव.”

ती गाते, अगदी सुरात. म्हणजे कानाला सगळं ठाऊक आहे. अडतोय तो हात. अंगठा सैल सोडून ती पुन्हा वाजवते, आणि आधीपेक्षा वाईट वाजतं. सभागृहात चुळबुळ. आई-वडिलांच्या रांगेत कोणाचा तरी मोबाइल खाली जातो. पण असंच व्हायला हवं. जुन्या पकडीवर बोटांनी वर्षभर हिशोब बसवला होता, पकड बदलल्यावर तो मोडणारच. पुन्हा. पुन्हा एकदा. अजून एकदा, त्याच ओळीपासून. केव्हातरी हात सरकतो आणि स्वर नेमका जागेवर बसतो. शिक्षक तिथेच थांबवतात. पुढच्या खेपेला तो कदाचित बसणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे आणि तिलाही.

[दृश्य: श्रोत्यांमधली मुलं. काहींच्या मांडीवरच बोटं हलताहेत.]

आता जरा इकडे पाहा. चौथ्या रांगेतल्या त्या मुलाचा अंगठा. त्याला कोणी काही म्हटलेलं नाही. तो आपल्या डाव्या हाताची मूठ उघडतोय, मिटतोय, पुन्हा उघडतोय. व्यासपीठावर चार-पाच मुलं जातील, खाली शंभर बसलीत. दुसऱ्याच्या चुकीत आपली चूक दिसली तर लाज वाटत नाही, आणि म्हणून ती नीट दिसते. मला विचाराल तर मास्टरक्लासमध्ये फायद्यात असतात ते खाली बसलेले.

[दृश्य: पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा. चेलो.]

निवेदन:
शेवटचा चेलोवाला जर्मन संगीतकार बाखच्या पहिल्या सुईटमधला, म्हणजे नृत्यरचनांच्या मालिकेतला, प्रेल्यूड (सुरुवातीचा तुकडा) वाजवतो. वाजवतो सुरेख. शिक्षक विचारतात, “पहिल्या बारमध्ये तीन स्वर एका गजात का घेतलेस?”

“कागदावर तसं आहे, सर.”

“कोणी लिहिलंय?”

मुलगा गप्प. प्रश्न खोचक आहे, पण रास्त आहे. एकट्या व्हायोलिनसाठीच्या रचनांची बाखच्या हातची १७२० सालची प्रत आजही आहे. चेलोच्या सहा सुइटांची नाही. सगळ्यात जास्त भिस्त आहे ती त्याच्या पत्नीच्या, आना माग्दालेनाच्या हातच्या प्रतीवर. तिच्यात स्वर स्वच्छ आहेत, पण स्वर बांधणारे कमानदार स्लर कुठून कुठपर्यंत, हे बऱ्याच ठिकाणी स्पष्ट होत नाही. म्हणून एका छापील आवृत्तीत तीन स्वर एकत्र, दुसरीत चार, तर कुठे आठही. चेलोवादक पाब्लो कासाल्सने या सुइटा १९३६ ते १९३९ दरम्यान ध्वनिमुद्रित केल्या, आणि त्यानंतर त्या साऱ्या जगभर पोचल्या. त्याआधी अनेकांच्या लेखी हे सरावाचे पाठ होते.

मुलगा तीन स्वर बांधून वाजवतो. मग चार. मग प्रत्येक स्वर सुटा. सुट्या स्वरांत खालचा ‘जी’ खणखणीत ऐकू येतो. बांधले की तो मागे राहतो आणि वरची ओळ लाटेसारखी चालते.

“यातलं बरोबर कुठलं?”

“या आठवड्यात एक वाजव, पुढच्या आठवड्यात दुसरं. मग मला नको, तुझ्या शिक्षकांना सांग, तू कुठलं घेतलंस आणि का.”

[दृश्य: संध्याकाळ. मोकळी होत चाललेली जागा. पेट्या बंद होताहेत.]

निवेदन:
शेवटी सगळ्यांनी मिळून एक तुकडा वाजवलाय. नवशिक्यांच्या वाट्याला फक्त बोट न ठेवता वाजवायच्या मोकळ्या तारा होत्या आणि त्यांनी त्या सर्वांत जोरात वाजवल्या. त्याबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं नाही.

सांगण्यासारखं चाललंय ते दाराजवळ. विवाल्डीवाल्या मुलीच्या रोजच्या शिक्षिका आल्यात. अंगठ्याचं त्यांना पटलेलं नाही. तो सैल सोडायचा, हे मान्य. पण मुलीचे हात अजून वाढताहेत, आता अंगठ्याची जागा बदलली तर सहा महिन्यांनी पुन्हा बदलावी लागेल. पाहुणे शिक्षक स्वतःचा हात पुढे करून दाखवतात. त्या मान हलवतात आणि आपला दाखवतात. दोघांचे अंगठे हवेत, न दिसणाऱ्या व्हायोलिनवर वर-खाली सरकताहेत.

मुलगी मधे उभी. थोडा वेळ ऐकते, मग खाली बसून व्हायोलिन पेटीत ठेवते आणि झाकण लावू लागते.

“अगं!” दोघं एकदमच म्हणतात. “आधी तारांवरची राळ पूस.”