बासच्या पोटातल्या वायरी

(दृश्य: टेबलावर बास गिटार. स्क्रू सुटतात, कंट्रोल प्लेट उलटी होते.)

तीन पॉट (नॉबखालचे, फिरवून बदलता येणारे रोधक), केबल खुपसायचा एक जॅक, एक छोटा कपॅसिटर आणि काही वायरी. बासच्या पोटात एवढंच असतं.

हा जॅझ बास. फेंडर कंपनीने तो १९६० साली आणला. सुरुवातीला त्यावर एकावर एक बसवलेल्या नॉबच्या जोड्या होत्या. पुढे दोन व्हॉल्यूम, एक टोन ही मांडणी रुळली, आणि आजही तीच दिसते.

(दृश्य: पिकअप जवळून.)

पिकअपमध्ये चुंबक, आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या वायरीचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की वेढ्यांत वीज उपजते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं ते हेच. वीज अगदी इवलीशी, आणि या बासमध्ये बॅटरी नाही. तेव्हा हे तिन्ही नॉब काही वाढवू शकत नाहीत. त्यांना फक्त सांडता येतं. नॉब फुल्ल केला म्हणजे सांडणं कमीत कमी झालं, इतकंच.

(दृश्य: पॉटचे तीन पाय.)

पॉटला तीन पाय. कडेच्या दोन पायांमध्ये २५० किलोओहमची कार्बनची पट्टी, आणि मधला पाय त्या पट्टीवर सरकणाऱ्या काट्याचा. एकच पिकअप असेल तर काम सरळ आहे. एका कडेला पिकअप, दुसरी कड ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या शून्य बाजूला, आणि मधल्या पायावरून वायर जॅककडे. नॉब शून्यावर नेला की मधला पाय ग्राउंडला टेकतो आणि बास गप्प.

आता दोन पिकअप असेच जोडून बघा. ब्रिजकडचा, म्हणजे तारा जिथे बासच्या अंगावर टेकतात त्या बाजूचा, नॉब शून्यावर आणा. नेककडचा, म्हणजे दांड्याकडचा, पिकअपही बंद! कारण दोन्ही मधले पाय जॅकवर एकत्र आलेले, त्यामुळे एक ग्राउंडला टेकला की अख्खा जॅकच ग्राउंडला गेला.

जॅझ बासमधला उपाय दोन वायरींच्या अदलाबदलीचा आहे. पिकअप मधल्या पायाला, आणि जॅककडे जाणारी वायर कडेच्या पायाला. आता शून्यावर पिकअप एकटाच ग्राउंडला लागतो. जॅक आणि ग्राउंड यांच्यामध्ये २५० किलोओहमची अख्खी पट्टी आडवी असते, त्यामुळे शेजारचा बिनघोर वाजतो. नवशिक्याला मात्र हे जोडकाम उलटं वाटतं आणि तो ते ‘दुरुस्त’ करून ठेवतो. ही दुरुस्ती मीही एकदा केली आहे.

या सोयीची किंमत आहे. नॉब जरा उतरवला की पिकअपवर भार पडतो आणि आवाजाची धार बोथट होते. शिवाय दोन्ही पिकअपची गुंडाळणी आणि चुंबकाची दिशा एकमेकांविरुद्ध असते. दोन्ही फुल्ल असताना बाहेरून आलेली घूंऽऽ एकमेकांना खाऊन टाकते. एक थोडा खाली आणा, घूं परत हजर.

(दृश्य: कपॅसिटर.)

टोनचा कपॅसिटर साधारण ०.०४७ मायक्रोफॅरडचा. १०० हर्ट्झच्या स्वराला तो सुमारे ३४ किलोओहमचा अडसर असतो, १००० हर्ट्झला जेमतेम साडेतीन. म्हणून टोनचा नॉब बंद करत गेलं की आधी वरची धार ग्राउंडला वाहून जाते. खाली मोकळी ई तार, ४१ हर्ट्झची, तिचा खर्ज बराचसा शाबूत राहतो. कपॅसिटर कुठल्या कंपनीचा यावर तासन्‌तास वाद घालणारे भेटतात. माझं मत विचाराल तर आधी त्यावरचा आकडा नीट वाचावा.

(दृश्य: सोल्डरिंग आयर्न, धूर.)

ग्राउंडच्या वायरी पॉटच्या पाठीवर सोल्डर होतात. पाठ पत्र्याची, ती उष्णता शोषून घेते. किरकोळ आयर्न टेकवून बसलात तर सोल्डर धरत नाही आणि आतली पट्टी मात्र भाजते. पाठ आधी सॅंडपेपरने घासा, आयर्न दमदार घ्या आणि पटकन उचला. तारांना ग्राउंडशी जोडणारी, ब्रिजखालून येणारी वायर विसरू नका. ती सुटली तर तारांना हात लावला तरी घूं कमी होत नाही.

(दृश्य: जॅकमध्ये केबल. प्लेट अजून उघडी.)

स्क्रू लावण्याआधी ॲम्पचा आवाज कमी ठेवून ब्रिजकडचा नॉब शून्यावर आणायचा, आणि नेककडच्या पिकअपवर स्क्रूड्रायव्हरने हलकेच टिचकी.

टक.

आला आवाज. आता प्लेट बसवा.