तात्पर्य न विचारता

वाचनाचा तास संपला आहे, तरी तिसरीतली ही मुलगी जागची हललेली नाही. भिंतीला टेकून, गुडघ्यांवर पुस्तक उभे धरून ती वाचते आहे. पान उलटते, थांबते, पुन्हा मागच्या पानावर जाते आणि चित्रातल्या मांजराच्या शेपटीवर बोट ठेवून स्वतःशीच हसते. का हसलीस, असे तिला कोणी विचारत नाही.

एरवी मूल पुस्तक मिटते न मिटते तोच मोठ्यांचा प्रश्न तयार असतो, ‘यातून काय शिकलास?’ हेतू चांगलाच असतो. पण दरवेळी तात्पर्य सांगावे लागले की गोष्टीलाही धड्याची कळा येते.

बक्षिसांचेही जपूनच. मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतील मुलांवर केलेला एक प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या ज्या मुलांना आधी कबूल करून प्रशस्तिपत्र दिले गेले, ती पुढे मोकळ्या वेळेत रंगीत पेनांकडे इतरांपेक्षा कमी वळली. प्रयोग चित्रकलेचा होता, वाचनाचा नव्हे. तरीही ‘दहा पुस्तके वाचा, बक्षीस मिळवा’ असा फलक लावण्यापूर्वी तो आठवावा.

या वर्गातल्या फळीवर परीकथांशेजारी आठ पायांच्या कोळ्यांची माहिती आहे, कोडी आहेत, चित्रकथा आहेत आणि आगगाडीच्या इंजिनाची आकृती असलेले, कडा झिजलेले एक पुस्तकही आहे. ‘हे काय वाचन झाले?’ असे चित्रकथांविषयी म्हणणारे पुष्कळ भेटतात. मात्र १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी मजकुराच्या एका मोजणीत मुलांच्या पुस्तकांत दर हजार शब्दांमागे सुमारे ३१ विरळ शब्द आढळले, तर पदवीधर प्रौढांच्या गप्पांत जेमतेम १७. चित्रकथांचा आकडा तर मुलांच्या पुस्तकांहूनही वरचा निघाला. पोरकट म्हणून बाजूला सारलेले पुस्तकही, म्हणजे, मोठ्यांच्या बोलण्यात क्वचितच येणारे शब्द मुलाच्या कानी घालत असते.

पुस्तक अर्धवट सोडण्याची मुभा येथे आहे, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. हा मुलगा आज तिसरे पुस्तक चौथ्या पानावरून परत ठेवतो आहे. खुर्चीत बसलेल्या बाई स्वतःच्या वाचनात आहेत. त्यांनी क्षणभर मान वर केली, पण त्या काही बोलल्या नाहीत. मुलाचा हात फळीवरून सरकत कोळ्यांच्या पुस्तकाशी थांबला. त्याने ते मधूनच उघडले आणि उभ्याउभ्याच वाचू लागला.