बेल वाजली तर एवढं घाबरायचं?

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्यातली रात्र होती. जुळे सोलापुरातलं आमचं घर दिवसभर तापून निघालेलं, पंखा नुसती गरम हवा फिरवत होता. माझ्या थोरल्या जाऊबाई, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो, चटणीसाठी शेंगा फोडत बसल्या होत्या. समोर टीव्हीवर ‘कौन’ लागला होता, राम गोपाल वर्मांचा, १९९९ सालचा. बाहेर धो धो पाऊस, बंगल्यात एकटी बाई, आणि बातम्यांत सांगतायत की एक खुनी मोकाट फिरतोय. दाराची बेल वाजते. उर्मिला मातोंडकर दचकते, श्वास रोखते, डोळे एवढे मोठे करते की पडद्यावर दुसरं काही दिसूच नये.

अक्कांनी शेंग फोडता फोडता निकाल दिला, “काय की बाई, नुसती बेल वाजली तर एवढं? ओव्हरअ‍ॅक्टिंग करायली बघ ही.”

मला राग आला. कारण उर्मिलाचं हे काम मला मनापासून आवडतं आणि ‘ओव्हरअ‍ॅक्टिंग’ हा शब्द आपण फार स्वस्तात वापरतो. त्या रात्री आमचा वाद बारा वाजून गेले तरी चालला, आणि नंतरचे चार-पाच दिवस स्वयंपाकघरात, गच्चीवर, भाजी निवडताना चालूच राहिला. त्यातलं जे हाताला लागलं ते आज तुम्हाला सांगते. चित्रपटाचा शेवट सांगितल्याशिवाय मात्र पुढं बोलता येणार नाही. ज्यांनी तो पाहिलेला नाही आणि पाहायचा आहे, त्यांनी मला आधीच माफ करावं.

अभिनय जास्त झाला हे ठरवायचं कशावरून? मी काही वर्षं हौशी रंगभूमीवर काम केलंय. आपल्या हुतात्मा स्मृती मंदिरात शेवटच्या रांगेतल्या माणसाला तुमच्या पापण्या दिसत नाहीत. तिथं घाबरायचं तर खांद्यांनी, पाठीनं, पावलांनी घाबरावं लागतं. कॅमेऱ्याचं उलटं. तो इतका जवळ येतो की गिळलेला आवंढासुद्धा त्याला पुरतो. म्हणून रंगमंचावर शोभणारं पडद्यावर भडक वाटतं, हे खरं आहे. पण हे झालं मापाचं. एका स्पर्धेच्या नाटकात मी मध्यरात्री घरात एकटी सापडलेल्या बाईचं काम केलं होतं. जीव तोडून केलं होतं. प्रयोगानंतर एक परीक्षक आत आले आणि म्हणाले, “तुम्ही घाबरता ते दिसतं हो. पण कशाला घाबरता ते दिसत नाही.” ते वाक्य मला कित्येक दिवस टोचत राहिलं. आणि त्यात मला माप सापडलं. आवाज किती चढला ते मोजू नका, तो कशासाठी चढला ते शोधा.

उर्मिलाला कमी करता येतच नाही, असं कुणी म्हणत असेल तर त्याला मी ‘सत्या’ दाखवीन. तो आदल्याच वर्षीचा, १९९८ चा. दिग्दर्शक तेच, ‘कौन’ लिहिणारे अनुराग कश्यप तिथंही लेखकांत होते, आणि भिकू म्हात्रे झालेला मनोज बाजपेयीच ‘कौन’मध्ये बेल वाजवत उभा आहे. ‘सत्या’तली तिची विद्या आठवा. चाळीतली, गाण्यात नाव काढायची धडपड करणारी, साधी. तिच्यात एक रेघ जास्त नाही. म्हणजे वर्षभरात ही बाई अभिनय विसरली असं काही झालेलं नाही. ‘कौन’मधलं जे आहे ते ठरवून केलेलं आहे. अक्कांनी एवढं मान्य केलं. पण ठरवून केलं म्हणून चांगलं होतं का, असं त्यांनी विचारलं, आणि ते विचारणं रास्त होतं.

मग मी ते नेहमीचं उत्तर दिलं, जे या चित्रपटाचे सगळे चाहते देतात. शेवटी कळतं की ही भेदरलेली बाईच खुनी आहे. म्हणजे जास्त अभिनय उर्मिला करत नाही, ते पात्र करतंय. ते भीतीचं सोंग आहे, आणि सोंग थोडं उघडं पडायलाच हवं.

याला आधार म्हणून मी आपल्याच गावची लेक पुढं केली. शशिकला. होय, हिंदी पडद्यावरच्या खलनायिका शशिकला, माहेरच्या जवळकर, जन्म १९३२ चा, याच सोलापुरातला. १९६३ च्या बी. आर. चोप्रांच्या ‘गुमराह’मध्ये त्या लीला झाल्या आहेत. माला सिन्हाच्या भूतकाळातलं गुपित धरून तिला पिळून काढणारी बाई. ते तिचं मान वेळावणं, ते पैसे मागताना रेंगाळत बोलणं, ती दुसऱ्याच्या घरात मालकिणीसारखी बसायची ढब. पहिल्यांदा बघताना वाटतं, जरा जास्तच आहे. आणि शेवटी उलगडतं की ही लीला कुणी गुन्हेगार नाहीच, माला सिन्हाच्या नवऱ्यानंच स्वतःच्या सेक्रेटरीला हे काम सांगितलेलं असतं. म्हणजे एक साधी नोकरदार बाई दुष्टपणाचं नाटक करत होती. ती जशी करेल तशीच, थोडी रंगवून, शशिकलांनी ती केली. त्या कामासाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. मला विचाराल तर ते त्या थोड्या जास्तीच्या रंगासाठीच मिळायला हवं होतं.

मला वाटलं, जिंकले. अक्कांनी सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, “तुझी लीला समोर माणूस असतं तेव्हा नाटक करते. ही उर्मिला तर घरात कोणी नसताना पण थरथरायली की! सोंग दाखवायचं कुणाला? भिंतींना?”

श्रोतेहो, मी गप्प बसले. कारण हे बरोबर होतं. झोपेचं सोंग घेणारासुद्धा कुणी बघत असेल तरच घेतो. चित्रपटाच्या सुरुवातीला घरात कोणी आलेलं नसतं, तेव्हाही ती तितकीच भेदरलेली असते. तिथं ‘ती नाटक करतेय’ हे उत्तर पांगळं पडतं. इतकी वर्षं मी तेच उत्तर देत आले होते आणि शेंगा सोलणाऱ्या अक्कांनी ते एका प्रश्नात मोडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चित्रपट पुन्हा लावला. एकटीनं. पहिली वीस-पंचवीस मिनिटं आवाज पूर्ण बंद करून बघितली. तुम्हीही करून बघा. संदीप चौटांचं पार्श्वसंगीत गेलं, ढगांचा गडगडाट गेला, आणि उर्मिलाचा अभिनय जवळजवळ निम्मा झाला! ती दचकते तेव्हा संगीतही तिच्याबरोबर दचकतं, आणि आपण दोन्हींचं बिल तिच्या नावावर फाडतो. आवाजाशिवाय बघितलं तेव्हा मला तिची बोटं दिसली, तिचं वळून बघणं दिसलं. आणि एक गोष्ट दिसली जी आधी कधी दिसली नव्हती. ती ज्या दिशेला बघून घाबरते, तिथं बहुतेक वेळा काहीच नसतं.

माझे ते परीक्षक आठवले. कशाला घाबरता ते दिसत नाही. माझ्या कामातला तो दोष होता, कारण माझ्या नाटकात दाराबाहेर खरोखर माणूस होता आणि मला तो दिसला नव्हता. इथं मात्र दाराबाहेर भ्यावं असं काहीच नाही. ही बाई आजारी आहे. भीती तिच्या आतच राहते, आणि त्या भीतीपोटीच ती माणसं मारते. सोंग नाही हो ते. तिची भीती अगदी खरी आहे, फक्त तिला बाहेर कारण नाही. आणि कारण नसलेली भीती बघणाऱ्याला नेहमीच जास्त वाटते. घरात असं माणूस असलेल्यांना हे मी समजावून सांगायला नको. “एवढं काय झालं?” हाच प्रश्न अशा माणसाला दिवसातून दहा वेळा ऐकावा लागतो. अक्कांनी उर्मिलाला तोच प्रश्न विचारला होता.

आता याच्या शेजारी तिचाच ‘एक हसीना थी’ ठेवा, २००४ चा, श्रीराम राघवन यांचा पहिला चित्रपट. त्यातली सारिका वर्तक तुरुंगात उंदराला घाबरते. तिथं उर्मिलाला कुणी भडक म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. कारण उंदीर आपल्यालाही दिसतो.

अजून एक सांगते, परदेशातलं. १९८० च्या ‘द शायनिंग’मध्ये शेली डुव्हाल नवऱ्याला भिणारी बायको झाली होती. तिच्या रडण्या-ओरडण्याबद्दल तिला वर्षातल्या वाईट अभिनयाच्या रॅझी पुरस्काराचं नामांकन दिलं गेलं. २०२२ मध्ये ते देणाऱ्यांनीच ते मागं घेतलं, कारण दिग्दर्शक स्टॅन्ली कुबरिक यांनी चित्रीकरणात तिला जसं वागवलं त्याचा तिच्या कामावर परिणाम झाला, असं त्यांना वाटलं. एकेचाळीस वर्षं तो डाग त्या नटीनं वागवला. हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. किती ओरडायचं हे बहुतेक वेळा दिग्दर्शक ठरवतो, पण बोल लागतो तो नटीलाच. आणि हेही बघा, मनोज बाजपेयी ‘कौन’मध्ये केवढा बडबडतो, केवढे आविर्भाव करतो. त्याला आपण ‘धमाल’ म्हणतो.

एवढं सगळं मी अक्कांना रात्री सांगितलं. मग आम्ही दोघींनी मिळून पुन्हा बघितला, आणि या वेळी मी पडद्याकडं कमी आणि अक्कांच्या हाताकडं जास्त बघत होते. शेंगा फोडल्याचा आवाज सलग चालू होता. उर्मिला ओरडली तरी थांबला नाही. मनोज बाजपेयी बोलतोय, बोलतोय, आणि ती नुसती ऐकतेय, चेहरा एकदम कोरा. तिथं शेंगांचा आवाज थांबला. शेंग अर्धी फुटलेली, अंगठा तिच्यावर तसाच.

“हितं भ्या वाटलं बघ,” अक्का म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, “पण शेवटची पंधरा मिनिटं जास्तच आहेत. ते मी काय मान्य करणार नाही.”

शेवटची पंधरा मिनिटं मलाही थोडी जास्त वाटतात. तेवढं मी त्यांना सांगितलं, आणि रविवारी ‘गुमराह’ लावायचं ठरवून आम्ही टीव्ही बंद केला.

नमस्कार.