मागची भिंत पण बघा

नमस्कार मंडळी. सांगली म्हणजे नाट्यपंढरी, १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' इथंच उभं केलं, त्यामुळं संवादाची गोडी आपल्या रक्तातच आहे, पण त्या नादात आपण सिनेमा बघायचं सोडून ऐकतच बसतो आणि मग निम्मा सिनेमा हातचा जातो असं मला मनापासून वाटतं.

२०१३ चा 'फँड्री' आठवा. शेवटाकडं जब्याच्या, म्हणजे जातीवरनं हिणवल्या जाणाऱ्या त्यातल्या पोराच्या, घरची माणसं डुक्कर काठीला लटकवून खांद्यावरनं घेऊन चाललीत आणि मागच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा रंगवलेत. डायलॉग काहीच नाही. आता नागराज मंजुळेंनी तिथं जब्याचा नुसता चेहरा जवळनं दाखवला असता तर आपल्याला पोराची दया आली असती, बास, एवढंच. पण ते खांदे आणि ती चित्रं एकाच फ्रेममधी, म्हणजे पडद्यावरच्या एकाच चौकटीत आली, आणि एवढी मोठी माणसं होऊन गेली तरी या पोराच्या खांद्यावरचं ओझं का उतरलं नाही हा प्रश्न आपला आपल्यालाच पडतो, कुणी विचारावा लागत नाही. माझ्या मते मराठी सिनेमातली सगळ्यात बोलकी भिंत ती.

नाटकात तुमची नजर स्टेजवर कुठंबी फिरते. सिनेमात चार कडा दिग्दर्शक ठरवतो, काय आत आणि काय बाहेर ते त्याच्या हातात. आपल्या वाईजवळचं मेणवली बघा की, २००४ च्या 'स्वदेस'मधी तेच गाव उत्तर प्रदेशातलं चरणपूर झालं. घाट तोच, कृष्णामाई तीच, पण मराठी पाटी, ओळखीचा डोंगर असलं काही कडेच्या आत आलं की चरणपूर मोडलंच म्हणून समजा.

आणि कॅमेऱ्याची उंची. घाटाच्या पायथ्याशी खाली कॅमेरा लावला की पायऱ्यांनी सगळी फ्रेम भरून जाते, वर उभा माणूस एकतर दबलेला दिसतो नाहीतर राजासारखा, ते आभाळ किती ठेवलंय आणि उजेड त्याच्या तोंडावर आहे का पाठीवर यावर असतं, एवढी बारीक गोष्ट आहे ही.

आज रात्री टीव्हीवर पाठ असलेला एखादा सिनेमा लागला तर पाच मिनिटं आवाज बंद करून बघा, कोण दाराच्या आत उभंय, कोण बाहेर, कुणाच्या मागं खिडकी आहे आणि कुणाच्या मागं नुसती भिंत.