शेवटचा नळ

नमस्कार, श्रोतेहो. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 43 फुटांची धोका पातळी ओलांडते, मग ओसरते, आणि पाठोपाठ गॅस्ट्रोची, काविळीची धास्ती लागते. 2012 साली इचलकरंजीनं काविळीची साथ सोसली आहे. अशा वेळी आरोग्याचा हक्क म्हणजे वस्तीतल्या शेवटच्या नळाला शुद्ध पाणी.

पाण्याच्या हक्काची कोल्हापूरचीच एक जुनी गोष्ट सांगतो. गंगाराम कांबळे कोल्हापूर संस्थानच्या पागेत नोकरीला होते. तिथल्या हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. ते शाहू महाराजांच्या कानावर गेलं. महाराज नुसते हळहळले नाहीत. त्यांनी गंगारामना हॉटेल काढायला लावलं, तेही भर भाऊसिंगजी रोडवर. पण अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा पिणार कोण? मग महाराजांचीच गाडी दारात थांबायला लागली. मोठ्यानं हाक मारून ते चहा मागवत, स्वतः पीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. ज्या हातानं हौद बाटला म्हणून मार बसला, त्याच हातचा चहा राजा पितोय, हे शहरानं भररस्त्यात पाहिलं. माझं तर म्हणणं आहे, 26 जूनला, जयंतीला, महाराजांच्या पुतळ्याला हार घालण्याआधी प्रत्येक गावानं पाण्याची टाकी धुवावी.

आता टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर. 1000 लिटरला 5 ग्रॅम, मग अर्धा तास थांबायचं. पण पोतं उघडं राहिलं की क्लोरीन उडून जातो. पावडर तेवढीच पडते, गुण येत नाही. दुसरी चूक म्हणजे ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची तपासणी, टाकीशेजारच्या नळावर उरकतात. शेवटच्या नळाला दाब कमी, लाईन गटारातून गेलेली. पाणी बंद झालं की गळतीतून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. म्हणून टेस्ट शेवटच्या नळावर. पुन्हा सांगतो, शेवटच्या नळावर! औषधाचे थेंब टाकल्यावर नळीतलं पाणी पिवळं झालंच पाहिजे. आणि पेशंटचं नाव गावच्या ग्रुपवर फिरवू नका. लाजेनं लोक दुखणं लपवतात, मग गळती कुठं आहे तेही कळत नाही.

टेस्टची वही दाखवत नाहीत? ग्रामपंचायतीच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज द्या, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. दारिद्र्यरेषेखालच्यांना दाखला जोडला की फी नाही. अर्जात स्पष्ट लिहा: कलम 7(1), माहिती जीविताशी संबंधित, 48 तासांत द्यावी. हे लिहिलं नाही तर अर्ज 30 दिवसांच्या गठ्ठ्यात जातो. पोच घेताना तारखेबरोबर वेळही लिहून घ्या. 48 तास तिथून मोजायचे.