कार्डाला दोष देण्याआधी जोड तपासा

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय तो असा: 'गेम, रेंडर किंवा व्हिडिओ एडिटिंग सुरू केलं की बंद पडणारा संगणक: तपासणीचे टप्पे'. टप्पे सांगणारच आहे. पण आधी एक गोष्ट मनापासून मांडायची आहे, कारण ती कळली नाही तर टप्पे नुसते पाठ होतात.

समोर लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे बसलेत, बंगल्यांचे थ्रीडी व्ह्यू काढणारे बसलेत, डिप्लोमाची मुलं आहेत, दुकान चालवणारेही आहेत. मशीन लोडखाली, म्हणजे जड काम चालू असताना, बंद पडलं आणि दुकानात पहिला निकाल मिळाला 'कार्ड (म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणारं ग्राफिक्स कार्ड) गेलं', असं किती जणांच्या बाबतीत झालंय? हात वर करा. बघा, अर्धं सभागृह! यातली बरीच कार्डं चांगली असणार. माझं म्हणणं एवढंच आहे: आपल्या किनारपट्टीवर लोडखाली बंद पडणाऱ्या मशीनमध्ये पहिला संशय जोडावर घ्यावा. एक धातू दुसऱ्या धातूला टेकतो आणि वीज पुढे जाते, ती प्रत्येक जागा म्हणजे जोड. खांबावरची सर्व्हिस वायर, मीटरखालचा कटआऊट, स्विच, सॉकेट, एक्स्टेन्शन बोर्ड, युपीएसचा प्लग, एसएमपीएसची (संगणकातल्या पॉवर सप्लायच्या डब्याची) कॉर्ड, कार्डाचा आठ पिनी प्लग आणि शेवटी कार्डाची ती सोनेरी कड. खांबापासून चिपपर्यंत पोचायला वीज एवढे जोड ओलांडते.

आता हे लोडखालीच का होतं? नुसता डेस्कटॉप उघडा असताना मधल्या दर्जाचं कार्ड दहा-वीस वॅट घेतं. रेंडर लावलं, म्हणजे थ्रीडी चित्र किंवा व्हिडिओ पक्का तयार करायला घेतला, की तेच दोनशेच्या वर जातं. जोडात तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे करंट दहापट झाला तर उष्णता शंभरपट. म्हणून मेल वाचताना, बिलं करताना मशीन दिवसभर छान चालतं आणि रेंडर लावलं की दोन मिनिटांत काळोख.

आकडे घेऊ. आठ पिनी प्लग १५० वॅटसाठी असतो. १२ व्होल्टला ते झाले १२.५ अँपिअर, आणि १२ व्होल्टच्या पिना तीनच, म्हणजे पिनेमागे सव्वाचार अँपिअरच्या आत-बाहेर. एक पीन गंजून निकामी झाली तर उरलेल्या दोघींवर सव्वासहा येतात आणि त्या दोन पिनांतली उष्णता सव्वादोनपट होते. उष्णतेने पिनेची पकड सैल होते, सैल पकडीने रोध वाढतो, वाढलेल्या रोधाने आणखी उष्णता. प्लगचं काळं प्लॅस्टिक तपकिरी पडलेलं किंवा फुगलेलं दिसलं, तर ती केबल टाकून द्या. तिला तार जोडून पुन्हा वापरू नका.

आणि गंज आपल्याकडेच एवढा का? मिठाचा कण हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढतो आणि स्वतः विरघळतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा बहुतेक वेळ त्या रेषेच्या वरच असते. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेली बारीक धूळ पंखा आत ओढतो, ती पिनांवर आणि बोर्डावर बसते, आणि पावसाळ्यात तिचा वीजवाहक थर होतो. ही गोष्ट समुद्राला लागून असलेल्या घरांपुरती नाही, खाडीकाठच्या गावांतही तेच. देशावर पाच वर्षं टिकलेली केबल इथे आणल्यावर दोन पावसाळ्यांत हिरवी पडते, त्यात केबलचा दोष नाही.

गणपतीत आणि मे महिन्यात उघडणारी घरं तर वेगळाच विषय. मुंबईकर येतात, महिनोन्‌महिने बंद असलेलं मशीन चालू करतात आणि पुतण्या लगेच गेम लावतो. कृपा करून असं करू नका. आधी प्लग काढा, कॅबिनेटचं झाकण उघडा, अर्धा दिवस पंख्यासमोर ठेवा. एसएमपीएसच्या जाळीत पाल किंवा मुंग्यांचं घर आहे का तेही बघा. मग दोन तास नुसतं चालू ठेवा आणि त्यानंतर लोड द्या.

आता घरातल्या विजेबद्दल. यावर जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात कमी तपास इथेच होतो. पुरवठा २३० व्होल्टचा समजायचा. वाडीच्या टोकाचं घर असेल तर संध्याकाळी तो १९०-२०० पर्यंत उतरतो आणि विहिरीवरचा पंप सुरू होताना क्षणभर आणखी खाली जातो. दिवा मिचकतो ना, तोच तो क्षण. पुरवठा तुटला तरी एसएमपीएस मोठ्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर पूर्ण लोडला साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. आपल्या विजेचं एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचं असतं. शिवाय साध्या, अ‍ॅक्टिव्ह पीएफसी नसलेल्या एसएमपीएसमध्ये हा साठा व्होल्टेजच्या वर्गावर ठरतो. २३० चे १८० झाले की साठा जवळजवळ ४० टक्क्यांनी घटतो. त्याच वेळी कार्ड पूर्ण लोडवर असेल तर मशीन पडणारच. अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाला एसएमपीएस आतलं व्होल्टेज स्वतःच वर उचलून धरतो, म्हणून कमी व्होल्टेजच्या गावात त्यावर जास्तीचे पैसे घालावेत असं माझं ठाम मत आहे.

पण व्होल्टेज पडतं कुठे, हे शोधा. एक हजार वॅटची इस्त्री घ्या, ती साधारण सव्वाचार अँपिअर घेते. मशीन ज्या बोर्डावर आहे तिथे ती लावा आणि शेजारच्या सॉकेटमध्ये मल्टिमीटरने आधीचं आणि नंतरचं व्होल्टेज बघा. दहा व्होल्ट पडलं, तर वाटेत कुठेतरी चाळीसहून जास्त वॅट नुसते उष्णतेत जातायत. मग वायरमनला बोलावून मीटरजवळ तेच मोजून घ्या. तिथेही दहा पडत असेल तर दोष बाहेरच्या लाइनीत आहे, महावितरणकडे तक्रार करा. तिथे दोनच पडत असेल, तर उरलेले आठ व्होल्ट तुमच्या घरातल्या वायरींगमध्ये हरवतायत. बहुतेक वेळा ते सॉकेटमागच्या सैल स्क्रूत किंवा न्यूट्रलच्या पिळलेल्या जोडात सापडतात. मेन बंद करून स्क्रू आवळणं एवढाच त्याचा खर्च. त्याऐवजी पंधरा-वीस हजारांचं कार्ड बदललं जातं, याचा मला खरोखर राग येतो.

युपीएसची गोष्ट याला जोडूनच. घरोघरी ६०० व्हीएचा युपीएस असतो, तो देतो साधारण ३६० वॅट. रेंडर लागल्यावर कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून चारशेच्या वर मागतात. मेन चालू असते तोवर निभावतं. व्होल्टेज जरा पडलं की युपीएस बॅटरीवर उडी मारतो, त्याला तो भार पेलत नाही, तो ओरडून बंद पडतो आणि मशीनही पडतं. लोक म्हणतात, युपीएस असूनही बंद पडतं. इथे मशीन युपीएसमुळेच पडलेलं असतं.

एसएमपीएसच्या लेबलबद्दलही बोलायला हवं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत '४५० वॅट' असतं. त्याच्याकडे बघू नका, बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा. १६ लिहिले असतील तर गुणाकार होतो १९२ वॅट, आणि कार्ड व प्रोसेसर दोघांना एवढ्यातच भागवायचं असतं. शिवाय आजची कार्डं मिलिसेकंदभर किंवा त्याहूनही कमी वेळ ठरलेल्या वॅटच्या दीडपट-दुप्पट मागून जातात. म्हणूनच २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० नियमावलीत एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंद दुप्पट भार सोसावा अशी अट घातली. जुना एसएमपीएस तोच झटका शॉर्टसर्किट समजून स्वतःला बंद करतो. आणि साटाच्या (हार्डडिस्कला लागणाऱ्या) प्लगमधून आठ पिनी करून देणारा अडॅप्टर कुणी दिला तर घेऊ नका. साटाच्या प्लगची १२ व्होल्टवरची मर्यादा साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. त्यातून १५० ओढायला गेलात तर घरात आग लागू शकते.

जाता जाता अर्थिंग. जांभ्यात खणणं कष्टाचं, म्हणून दोन फूट खळगा करून सळई पुरतात आणि कोळसा-मीठ टाकून मोकळे होतात. अर्थिंगचा पाइप निदान अडीच मीटर खोल हवा, आणि मार्चनंतर जांभा कोरडा पडतो तेव्हा खड्ड्यात पाणी घालायला हवं. अर्थिंग नसलं तर कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात, कारण एसएमपीएसमधले फिल्टरचे कपॅसिटर पत्र्यावर साधारण ११५ व्होल्ट आणून ठेवतात. त्याने मशीन लोडखाली बंद पडतं असं मी म्हणणार नाही, ते सहसा वेगळं दुखणं असतं. पण अशा मशीनला डिशची केबल लागलेल्या टीव्हीची एचडीएमआय वायर चालू स्थितीत जोडली, तर कार्डाचा पोर्ट उडू शकतो. पाऊस सुरू होण्याआधी विजा चमकतात त्या दिवसांत हा धोका सर्वांत जास्त.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरली आहेत. टप्पे आता भराभर घेतो, लिहून घ्या.

पहिलं, कसं बंद पडतं ते नीट बघा. ब्लू स्क्रीनशिवाय एकदम बंद होऊन, मागचा स्विच बंद-चालू केल्याशिवाय उठतच नसेल, तर एसएमपीएसने स्वतःला वाचवलंय. स्क्रीन काळी, कार्डाचे पंखे पूर्ण वेगात आणि आवाज मात्र चालू, तर कार्डाची वीज तुटली किंवा ते फार तापलं. क्षणभर अंधार होऊन फक्त प्रोग्रॅम बंद पडला तर ड्रायव्हर. विंडोज कार्डाच्या उत्तरासाठी दोन सेकंद थांबते आणि मग ड्रायव्हर पुन्हा सुरू करते, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्याची ४१०१ नोंद सापडते. दर वेळी वेगळी ब्लू स्क्रीन आली तर आधी रॅम. रंगीत ठिपके, चौकटी दिसल्या तर मात्र कार्डाचीच मेमरी. कर्नल-पॉवर ४१ ही नोंद बघून घाबरू नका, मशीन रीतसर बंद झालं नाही एवढंच ती सांगते.

दुसरं, बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग) आणि सगळं ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं, बंद करा. मग युपीएस आणि एक्स्टेन्शन काढून मशीन थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. एवढ्याने थांबलं तर पुढे जाऊच नका.

तिसरं, एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि लॉगिंग चालू करून लोड द्या. मशीन पडल्यावर फाइलची शेवटची ओळ वाचा. १२ व्होल्ट ११.४ च्या खाली गेलेत का, कार्डाचं हॉट स्पॉट (चिपवरच्या सर्वांत तापलेल्या जागेचं) तापमान शंभरीच्या पुढे गेलंय का. बोर्डाचं व्होल्टेजचं वाचन कधीकधी चुकतं, म्हणून मोकळ्या मोलेक्सच्या (एसएमपीएसच्या जुन्या चार पिनी प्लगच्या) पिवळ्या-काळ्या तारांवर मल्टिमीटरने ताडून घ्या. लोड दिल्यावर काही सेकंदांत पडलं तर वीज, दहा-वीस मिनिटांनी पडलं तर उष्णता, हा ढोबळ नियम बहुतेक वेळा लागू पडतो.

चौथं, फरमार्क फक्त कार्डाला ताण देतं, प्राइम९५ फक्त प्रोसेसरला. दोन्ही वेगवेगळे चालले आणि एकत्र लावल्यावर पडलं तर एसएमपीएस किंवा त्याच्या मागची वीज. मग आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा. त्याने थांबलं तरी लगेच निकाल देऊ नका, कारण कमी वॅटला दुखणाईत कार्डही शांत राहतं. दुसऱ्या मशीनचा चांगला एसएमपीएस लावून बघा, तिथे खरा निर्णय होतो.

पाचवं, जोड साफ करणं. प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, कार्ड बाहेर काढा. सोनेरी कड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या धागे न सुटणाऱ्या कापडाने एकाच दिशेने पुसा. मळ निघत नसेल तर पांढरं मऊ खोडरबर, तेही हलक्या हाताने, कारण सोन्याचा थर फार पातळ असतो. थिनर, पेट्रोल अजिबात नको. आठ पिनी प्लग तीन-चार वेळा काढून-घालून क्लिक होईपर्यंत बसवा. कार्डाला दोन प्लग असतील तर एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबली आणा, एकाच केबलचे दोन फाटे वापरू नका. एसएमपीएसचं खोकं उघडू नका, प्लग काढल्यावरही आत ३०० व्होल्टच्या वर असू शकतात.

सहावं, उष्णता. धूळ ब्रशने काढा, पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. चिप आणि हीटसिंकमधली पेस्ट सुकली असेल तर बदला, आणि थर्मल पॅड बदलताना जुन्याची जाडी मोजा. एक मिलीमीटरच्या जागी दीडचा बसवला तर हीटसिंक चिपला टेकतच नाही आणि तापमान पहिल्यापेक्षा वाढतं.

सातवं, ड्रायव्हर. डीडीयू या ड्रायव्हर काढणाऱ्या सॉफ्टवेअरने सेफ मोडमध्ये जुना पूर्ण काढून नवा टाका. आणि रॅमचा संशय असेल तर मेमटेस्ट हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर रात्रभर चालवा, निदान चार फेऱ्या. एकही लाल ओळ आली तर एक-एक पट्टी लावून पुन्हा.

हे सगळं करूनही पडत असेल, तर कार्ड दुसऱ्या चांगल्या मशीनमध्ये लावा. तिथेही पडलं तर कार्ड गेलंय. वॉरंटी असेल तर स्टिकर न फाडता, लॉगची फाइल सोबत देऊन पाठवा. दुकानदार मंडळी, ही फाइल तुम्हीही गिऱ्हाइकाकडून मागून घेत जा.

वेळ संपली. बाहेर टेबलावर मल्टिमीटर, इस्त्री आणि दोन जळलेले प्लग ठेवलेत. ज्यांना मोजायचं कसं ते हाताने करून बघायचंय त्यांनी चहा घेऊन तिकडे या.